पुन्हा पुन्हा बारावी

माणूस गेलं की पुढे काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. दहावा असतो, तेरावा असतो, शेजारून पिठलं-भात येतो, आणि एरवी फोन उचलायलाही ज्यांना सवड नसते ते नातेवाईक सतरंजीवर मांडी घालून तास-तास बसतात. आवडती पुस्तकमालिका संपली तर मात्र कुणी वाटीभर वरणही आणून देत नाही. उलट, 'संपलं ना एकदाचं? आता तरी दळण टाकून ये,' असं ऐकावं लागतं. त्यातून मालिका व्हँपायरची असली तर पंचाईत आणखी मोठी. तिच्यात गेलेलं कुणीच नसतं आणि जाणारही नसतं. ती मंडळी तिकडे अमेरिकेतल्या जंगलात कल्पांतापर्यंत सुखानं नांदणार असतात, आणि सुतक तेवढं इकडे भिलाईत आपल्या वाट्याला येतं.

मालिका म्हणजे स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट'. 2005 ते 2008 या काळात आलेले चार जाडजूड खंड, त्यातला शेवटचा 'ब्रेकिंग डॉन' साडेसातशे पानांचा. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा अख्खा संच माळ्यावर टाकून गेली होती. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला आणि साफसफाई राहिली बाजूला. ज्या वयात आमच्या ओळखीतल्या बायका गुरुचरित्राला बसतात, त्या वयात मी व्हँपायरला बसले. पारायणाचे नियम मात्र सगळे पाळले. वेळ ठरलेली, मध्ये उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. बेला नावाची सतरा वर्षांची मुलगी फोर्क्स नावाच्या, सदा पाऊस पडणाऱ्या गावी वडिलांकडे राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. तोही सतराचाच, पण 1918 पासून. त्या वर्षीच्या फ्लूच्या साथीत तो शिकागोत मरायला टेकला होता, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरनं त्याला चावून अमर केलं. तो डॉक्टर स्वतःही व्हँपायरच. तेव्हापासून एडवर्डचं वय जागच्या जागी आहे.

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना जेवताना सांगितली. हे इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये. 260 मीटरचं रेल पॅनेल रोज डोळ्यांसमोरून सरकताना पाहणाऱ्या माणसाला साडेसातशे पानांचं काही वाटत नाही. पण सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्यांना रस असतो.

"1918 पासून सतराचा, मग इतकी वर्षं करून काय राहिला तो?"

"शाळेत जातो."

"अजून?"

"वय वाढत नाही हे लोकांच्या लक्षात यायला लागलं की ते गाव सोडतात. नव्या गावात पुन्हा अकरावी, पुन्हा बारावी. मध्ये दोनदा डॉक्टरकीही करून झाली म्हणे."

ह्यांनी घास खाली ठेवला. "दोनदा डॉक्टर होऊन पोरगा पुन्हा बारावीत बसतो? कोचिंगवाल्यांनी बसवला असेल. फोटो छापायला." आणि मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "एवढं स्टॅग्नेशन आमच्या युनियननं नसतं चालू दिलं बापा."

खरं सांगायचं तर भिलाईत व्हँपायरची भीती कुणाला वाटावी? 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव रात्रीचं झोपलेलं नाही. भट्टी विझवता येत नाही, म्हणून माणसं आळीपाळीनं जागतात. प्रत्येक सेक्टरमध्ये, प्रत्येक गल्लीत एखादा तरी प्राणी असा असतोच, जो अंधार पडल्यावर घराबाहेर पडतो, उजाडताना फिकट चेहऱ्यानं परततो, खिडक्यांना जाड पडदे लावून दिवसभर पडून राहतो आणि त्याच्या खोलीत उन्हाची तिरीप आली तर गुरगुरतो. आमच्याकडे त्याला 'नाईटवाला' म्हणतात. 'पापा नाईट में हैं' एवढं एक वाक्य गल्लीत ऐकू आलं की क्रिकेटची टीम बॅट-बॉल उचलून मुकाट्यानं दुसऱ्या गल्लीत जाते. रात्री वितळलेला स्लॅग ओतला की आभाळाची कड नारिंगी होते. बाहेरगावचे पाहुणे घाबरून आग लागली का विचारतात, आणि आपण त्यांना भाजी वाढत राहतो. अशा गावात लहानाची मोठी झालेली बेला एडवर्डला पहिल्याच दिवशी म्हणाली असती, 'सी शिफ्ट का?'

बेलाला एडवर्डची एक अडचण सारखी वाटते, की त्याचं अंग बर्फासारखं गार आहे. तिकडे पावसात गारठलेल्या मुलीची ती तक्रार मी समजू शकते. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला, वीज गेलेली, कूलर नुसताच डोळे वटारून उभा, अशा दुपारी मी ते प्रकरण पुन्हा वाचलं आणि मला त्या मुलीचा राग आला. असं स्थळ भिलाईत आलं असतं तर पत्रिका न बघता होकार गेला असता. फक्त उन्हाचा प्रश्न होता. मेयरबाईंचे व्हँपायर उन्हात जळत नाहीत, हिऱ्यासारखे चमकतात, म्हणून त्यांना ढगाळ गाव लागतं. इथे तो सुपेला बाजारात दुपारी उतरला असता तर लोकांनी त्याला सोन्या-चांदीच्या दुकानाची जाहिरात समजून पत्ता विचारला असता.

आणखी एक. एडवर्डचं घराणं स्वतःला 'शाकाहारी' म्हणवतं, म्हणजे माणसाचं रक्त पीत नाहीत, फक्त जनावरांचं. हे वाचून अमेरिकन वाचकांना गंमत वाटली असेल, मला सगळे ओळखीचे चेहरे दिसले. 'मी नाही खात, नुसता रस्सा घेतो', 'घरात नाही, बाहेर चालतं', 'श्रावण सोडून' वगैरे. एडवर्डचा फक्त सोमवार कडक असता तर तो आमच्यातलाच झाला असता.

पण हे सगळं वरवरचं. चौथ्या खंडात लग्न होतं आणि मग हळूहळू लक्षात येतं की ही भुताखेताची गोष्टच नव्हे, सासरची गोष्ट आहे. असं सासर, जिथे कुणीच जेवत नाही. स्वयंपाकघर आहे, मोठं आहे, चकचकीत आहे, पण ते शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. सासू-सासरे दिसायला जेमतेम तिशीच्या आत-बाहेरचे, कायमचे. कुणाचे गुडघे दुखत नाहीत. कुणी झोपतच नाही, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या चहाची भानगड नाही, आणि 'आमच्या वेळी' असं म्हणायला एकाचीही वेळ गेलेली नाही. नणंदेला भविष्य दिसतं, शेअर बाजाराचंसुद्धा, त्यामुळे घरात पैशाला तोटा नाही. शिवाय लग्नाचा सगळा घाट एकट्या तिनंच घातलेला. मी ते पान वाचलं तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, पोळ्यांचा गोळा परातीत तसाच होता, आणि हे दारातून विचारत होते की डब्यात काय आहे. मेयरबाई स्वतः तीन मुलांच्या आई आहेत. मुलं लहान असताना त्यांनी हे लिहायला घेतलं. एका रात्री स्वप्न पडलं, कुरणात एक मुलगी आणि एक चमकणारा व्हँपायर बोलत बसलेत, त्यावरून सुरुवात झाली, असं त्या सांगतात. लोक त्यातल्या व्हँपायरवर बोलतात. मला वाटतं, स्वप्नातली खरी अचाट गोष्ट म्हणजे ते दोघं नुसते बोलत बसले होते ही. कुणाला कुठे जायचं नव्हतं. दात सुळे असोत की कवळीचे, ज्याच्यापाशी अमर्याद सवड आहे आणि ती सगळी तो तुमचं ऐकण्यात घालवणार आहे, असा पुरुष हे पुस्तकातलं एकमेव अमानवी तत्त्व आहे.

मूल झालं तेही असं, की सातेक वर्षांत पूर्ण वाढून मोकळं. मी पान उलटून पुन्हा वाचलं. सात वर्षं! नर्सरीची ॲडमिशन नाही, दहावी नाही, जेईई नाही. ज्या गावात दर दुसऱ्या भिंतीवर कोचिंगचा रँकर हसतोय, जिथे आता आयआयटीही आहे आणि त्यामुळे 'इथेच आहे, मग तुझं का नाही झालं?' असं विचारायची सोय झाली आहे, तिथल्या आईनं यावर हळवं होऊ नये तर काय करावं?

हळवेपणाला गालबोट लागलं ते जेकबमुळे. जेकब म्हणजे माणूस-लांडगा. दोन खंड तो बेलावर जीव टाकतो, एडवर्डच्या तोंडाला तोंड देतो, आणि बेलाला मुलगी झाल्यावर त्या तान्ह्या पोरीकडे बघताक्षणी त्याची गाठ तिच्याशी कायमची बांधली जाते. लांडग्यांचा नियम, म्हणे. पोर मोठी होईपर्यंत तो तिचा नुसता राखणदार, हे मेयरबाई पुनःपुन्हा सांगतात, इतक्यांदा की त्यांनाही खात्री नसावी. आमच्या किटीत यावर जे वादळ झालं ते आठवलं की अजून कानात घुमतं. संच तोवर चार घरांत फिरला होता. शेजारची बंगाली दीदी जेकबच्या बाजूनं: "घर का लड़का है, देखा-भाला है, और क्या चाहिए?" तेलुगू अक्काचं म्हणणं, मुलगा काय करतो ते आधी सांगा, मोटारसायकली दुरुस्त करून संसार होत नाही. मी ठाम विरोधात होते. ज्यानं परवापर्यंत आईला मागणी घातली, त्याला जावई म्हणून पाट मांडायचा? दिवाळसणाला काय तोंडानं ओवाळायचं? नर्सिंगमधून निवृत्त झालेली मल्याळी चेची एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, ते सगळं राहू दे, हे लोक एवढं रक्त पितात, क्रॉस-मॅच कोण करतं?

भिलाईला मिनी भारत म्हणतात ते खोटं नाही. प्लांट उभा राहिला तेव्हा देशभरातून माणसं आली आणि येताना आपापली भुतं घेऊन आली. दीदीकडे शाकचुन्नी आहे, लग्न झालेल्या बाईचं भूत, शंखाच्या बांगड्या घालणारं. चेचीची यक्षी पांढऱ्या साडीत वाटेवर उभी राहते आणि एकट्या पुरुषाला पानासाठी चुना मागते. देखणी असते, पण चुना दिला की संपलं. माझी पाळी आली तेव्हा मला आमची यादी सांगताना जरा ओशाळल्यासारखं झालं. हडळ, खवीस, समंध, झोटिंग, ब्रह्मराक्षस. यातल्या कुणाच्या प्रेमात पडायचं? मराठी भूत मुळी प्रेम करायला येतच नाही. ते जमिनीचा वाद, राहिलेलं कर्ज किंवा न फेडलेला नवस घेऊन येतं. त्यातल्या त्यात लग्नाळू म्हणजे मुंजा, पण तो पडला आठ वर्षांचा, पत्ता पिंपळ. 2024 मध्ये त्याच्यावर 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला आणि चांगला चालला, पण त्यात तो लग्नासाठी हटून बसतो तेव्हा प्रेक्षक किंचाळतात, उसासे टाकत नाहीत.

आमच्या पिढीनं भीती शिकली ती नारायण धारपांकडून. त्यांच्या कथेत अमानवी काही दारात आलं की भुताखेतांशी लढणाऱ्या समर्थांना बोलावणं धाडतात. त्याला आत घेऊन, बसा म्हणून, तुमचे डोळे सोनेरी कसे हो, असं विचारत नाहीत. योगायोग बघा, 'ब्रेकिंग डॉन' बाजारात आलं 2 ऑगस्ट 2008 ला, आणि त्याच महिन्यात धारप गेले. झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले'नं मात्र थोडी सोय केली. 2016 चा पहिला भाग निव्वळ भीतीचा, सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यातला. मालवणी आम्हाला निम्मीच कळायची, त्यामुळे भीती दुप्पट. 2019 मध्ये दुसऱ्या भागात मागची गोष्ट आली, अण्णा नाईक आणि शेवंता, आणि 2021 च्या तिसऱ्या भागात दोघंही भूत होऊन परतले. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मराठीतला अमानवी प्रणय तो हाच. फक्त आमचा नायक सतराचा नाही, मिशीवाला, पोट सुटलेला, आणि चमकण्याऐवजी शिव्या देणारा. तरी बायका बघत होत्या. मीही.

किटीत एकच बाई या चर्चेत कधी भाग घेत नाही, अक्काकडे भांडी घासायला येणारी. ती बालोदकडची. तिच्या जिल्ह्यात झींका गावी परेतिन दाईचं देऊळ आहे, म्हणजे चक्क भुताबाईचं. तिथून माल घेऊन जाणारा आपल्या मालातलं थोडं तिथे ठेवून जातो, दूधवाला दूध, विटांवाला वीट. हे सगळं ती हसत सांगते. पण 'टोनही' हा शब्द निघाला की भांड्यांचा आवाज वाढतो. 'ट्वायलाइट' अमेरिकेत आलं त्याच 2005 साली छत्तीसगढ सरकारनं टोनही प्रताडना निवारण कायदा केला, कारण इथे गावात कुणाचं मूल आजारी पडलं की एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवून मारहाण व्हायची. कायदा आहे, तरी बातम्या येतात. पुस्तकातला राक्षस श्रीमंत, देखणा, दोन पदव्यांचा, आणि त्याला शेवटी बायको मिळते. इथे राक्षस ठरते ती विधवा, जिच्या नावावर अर्धा एकर आहे. तिच्यावर कुणी चार खंड लिहिले नाहीत.

आणि प्रेमकथाच हवी तर ती आमच्या लोहमार्गावरच आहे की. हावड्याहून मुंबईला जाणारी गाडी दुर्ग, राजनांदगाव सोडून डोंगरगढला थांबते, तिथे डोंगरावर बम्लेश्वरी आहे. हजाराहून जास्त पायऱ्या, दमलेल्यांसाठी रोपवे. लोककथा अशी, की इथल्या कामावती नगरीच्या दरबारात कामकंदला नावाची नर्तकी होती आणि माधवानल नावाचा संगीतकार. राजानं त्याला हाकलून दिलं. तो गेला उज्जैनला विक्रमादित्याकडे. विक्रमानं स्वारी केली, जिंकली, आणि मग त्याला परीक्षा घ्यायची हौस आली. त्यानं कामकंदलेला सांगितलं, माधव लढाईत पडला. तिनं प्राण सोडला. ते ऐकून माधवानं सोडला. आता विक्रमच जीव द्यायला निघाला, तेव्हा देवी प्रसन्न झाली आणि दोघं पुन्हा जिवंत झाले. एका कहाणीत तर वेताळ अमृत आणून देतो. म्हणजे मेलेले प्रेमिक परत उठणं हे आमच्याकडे आधीपासून आहे, चावण्याची गरजसुद्धा पडलेली नाही. पण नवरात्रात पायऱ्या चढताना मी बारकाईनं विचार केला, की उठल्यावर त्या दोघांनी काय केलं? कथा सांगत नाही. भक्त सगळे देवीच्या दर्शनाला पुढे निघून जातात.

संपल्यावर पुन्हा सुरुवात करायची सोय मेयरबाईंनी केली, हे त्यांचं मोठेपण. 'मिडनाईट सन' म्हणजे तीच पहिली गोष्ट, पण एडवर्डच्या तोंडून. अर्धवट मसुदा 2008 मध्ये फुटला म्हणून रागावून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं, आणि काढलं कधी, तर ऑगस्ट 2020 मध्ये, ऐन साथीत. साथीत मरता मरता वाचलेल्या नायकाची गोष्ट साथीत दारं लावून बसलेल्या जगापुढे आली. मी ती उशिरा वाचली आणि अर्ध्यावर सोडली. त्यात तो मनात काय काय विचार करतो ते सगळं कळतं. पुरुषाच्या मनात काय चाललंय ते कळू नये, यातच काय ते रहस्य असतं. आमच्या ह्यांना मी एकदा विचारलं होतं, आत्ता तुमच्या मनात काय आहे? "टायर," ते म्हणाले.

मग मुलीनं पुण्याहून नवा संच धाडला. शार्लेन हॅरिसची सूकी स्टॅकहाउसची मालिका, 2001 ते 2013, चांगले तेरा खंड. इथे व्हँपायर उघड हिंडतात, कारण जपान्यांनी कृत्रिम रक्त काढलंय, बाटलीत मिळतं. चेची खूश, क्रॉस-मॅचचा प्रश्न मिटला. सूकी एका बारमध्ये वाढप्याचं काम करते, बिलं भरते. माझ्या ओळखीची बाई. आणि चौथ्या खंडात ते होतं ज्यासाठी मी एवढी वाट पाहत होते. एरिक नावाच्या हजार वर्षांच्या दांडग्या व्हँपायरची स्मृती जाते आणि तो तिच्या घरी राहायला येतो. धंदा विसरला, अधिकार विसरला, सगळ्या मीटिंगा विसरला, आणि घरात बसून तिच्याशी गोड बोलतोय. तेवढी पानं मी चहा गार होऊ देऊन वाचत होते, त्याच दुपारी दीदी कुंपणापाशी आली. तिला कुठलंही पुस्तक शेवटून उघडायची खोड आहे, आणि तेरावा खंड माझ्याकडून तीच आधी घेऊन गेली होती.

"भाभी, एरिक-वेरिक कुछ नहीं," ती म्हणाली, "आखिर में वो बार का मालिक है ना, सॅम, उसी के साथ।"

पुस्तक बाहेर येण्याआधीच हा शेवट जर्मनीत फुटला होता आणि वाचकांनी लेखिकेला नको नको ते सुनावलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा ते जरा जास्तच वाटलं असतं. आता नाही वाटत. तुम्हालाही मी आत्ता सांगून टाकलंच, पण एकटीनं किती सोसायचं?

दीदीशी माझं बोलणं सध्या नळाला पाणी आलं का, एवढ्यापुरतंच आहे. ह्यांनी समजूत घातली, की सॅम काय वाईट आहे, स्वतःचा धंदा आहे, माणूस रोज घरी येतो. म्हटलं, तेच तर. मी पाचव्या खंडावर आहे. तेरावा परत मागवून घेतला आणि त्याची शेवटची पानं स्टेपल करून टाकली. पिना ह्यांच्याच टेबलावरच्या.